पदराआडचं लेकरू

डॉक्टर खापरे माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. दवाखान्यात कोणी येऊन बाकावर बसलं, की हे खुर्चीतून उठायचे, त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि आपला जाड अंगठा त्याच्या नडगीवर दाबून धरायचे. मग अंगठा काढून त्या जागेकडे बघत राहायचे. कातडी लगेच वर आली, तर "ठीक" म्हणून उठायचे. खळगा तसाच राहिला, तर काही बोलायचे नाहीत, पण चेहरा असा व्हायचा, की जणू चोरी त्यांचीच पकडली गेली आहे.

खाण्यात कस नसला, की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात आणि दाबलं की खड्डा पडतो, हे आम्हा नर्सबायांनाही शिकवलेलं असतं. त्यात नवल नाही. नवल होतं ते त्यांच्या उकिडवं बसण्याचं. मोठ्या माणसाने लहानाच्या पायाला हात लावला, तर पाप लहानाच्या माथी बसतं, अशी आमच्याकडची समजूत. त्यात हे दवाखान्याचे साहेब, पन्नाशीला आलेले, धिप्पाड, कोट-टोपीतले. बाया झटकन पाय लुगड्यात ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, पाप लावता का साहेब? डॉक्टर म्हणायचे, "तुमच्या पाया पडून राहिलो असं समजा. पडू द्या." नव्या कंपाउंडरला ही थट्टा वाटायची आणि तो फिदीफिदी हसायचा. मी हसत नसे, कारण हे पाया पडणं कुठून सुरू झालं ते मी पाहिलेलं होतं.

स्वराज्य आल्यावर थोड्या वर्षांनी मी गोरेगावच्या दवाखान्यात रुजू झाले. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, सरकारी कागद हिंदीतून यायचे, आणि गोरेगाव म्हणजे एक आठवडी बाजार, एक शाळा, एक दवाखाना नि चहूकडे धानाच्या बांध्या. डॉक्टर माझ्या आधीपासूनचे. अकोल्याकडचे, ज्वारीच्या भाकरीवर पोसलेले. भात हे जेवण आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. पोटाची समजूत घालायची ती एक युक्ती आहे, असं ते म्हणायचे आणि स्वतः मात्र भाताचे डोंगर उठवायचे. बायको दोन मुलांना घेऊन अकोल्यालाच राहायची. इथे हे एकटे, त्यामुळे ज्याच्या घरी बोलावणं येईल त्याच्या घरी जेवायला तयार. हसले की दवाखान्याच्या कौलांवरची कबुतरं उडायची. माणूस मोठा लोभस होता, आणि आपण लोभस आहोत हे त्याला ठाऊकही होतं.

त्या दिवसांत त्यांचा सारा जीव वजनकाट्यावर होता. सरकारकडून एक नवा काटा आला होता, लहान मुलांना झोळीत घालून टांगायचा. तो त्यांनी दर्शनी दाराशीच अडकवला. "माणसाचं तोंड खोटं बोलेल, बाई, काटा बोलणार नाही," हे त्यांचं तेव्हाचं पालुपद. त्यांचं चुकत होतं असंही नाही. आमच्याकडे कोणाला जेवण झालं का विचारलं, तर एकच उत्तर मिळतं, जेवलो. चूल सकाळपासून पेटलेली नसली तरी जेवलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. दवाखान्यात येऊनही लोक ताकाला जाऊन भांडं लपवायचे. खोकला सांगतील, ठणका सांगतील, पण घरी काय शिजलं ते सांगायचे नाहीत. मग डॉक्टरांनी विचारणंच सोडलं आणि येईल त्याला काट्यावर चढवायला लागले. लेकरांना तर चढवायचेच, पण एकदा कोणी भेट दिलेला भोपळाही त्यांनी झोळीत घालून तोलला आणि हा या तालुक्यातला सर्वांत निरोगी रहिवासी आहे, असं जाहीर केलं. माझंही वजन करायला निघाले होते. मी त्यांना सांगितलं की माझं वजन माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही.

अशात वरून हुकूम आला, की आरोग्य सप्ताह करा आणि त्यात शिशु प्रदर्शनी भरवा. सगळ्यांत सुदृढ बालकाला इनाम. डॉक्टरांना तर आयतंच कुरण मिळालं. बाजाराचा दिवस धरला, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या बाया येतील. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, गोंदियाहून एक मोठे अधिकारी बोलावले, बक्षीस म्हणून पितळेचा एक सुबक गडवा, म्हणजे तांब्या, आणला. दवाखाना त्या दिवशी बंद ठेवला आणि आम्ही सगळे काट्यासकट पटांगणात जाऊन बसलो.

बायांनी लेकरं नटवून आणली होती. डोळ्यांत काजळ, गालाला तीट, अंगात नवी झबली. काट्याच्या झोळीत घातलं, की एकेक असं भोकाड पसरायचं, की अधिकारीसाहेबांनी कानांवर हात ठेवले. रांगेच्या शेवटाशी एक बाई उभी होती. दिवस गेलेली, अंगाने चिपाड. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचा मुलगा, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला. ना काजळ, ना तीट. पण मुलगा पाहावा तर काय! गाल टम्म, हातपाय गुबगुबीत, रंग उजळ, केस पिंगट. झोळीत घातला तरी हूं की चूं नाही. शांतपणे सगळ्यांकडे बघत राहिला. काटा त्याच्या वयाच्या सगळ्या मुलांच्या पुढे गेला. अधिकारी म्हणाले, "वाह, क्या बात है." डॉक्टर खो खो हसले आणि पहिला नंबर पुकारला.

ती बाई पुढे येईना. नाव विचारलं तर पुटपुटली, सगुणा, चोरखमाऱ्याच्या तळ्याकडच्या एका टोलीवरची, म्हणजे चार-सहा घरांच्या वस्तीवरची. डॉक्टरांनीच मुलाला उचलून दोन्ही हातांनी वर धरलं, साऱ्या पटांगणाला दाखवलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मुलाला हार घातला, आईला हार घातला, तिच्या हातात गडवा दिला. अधिकारीसाहेब बोलायला उभे राहिले, अशीच मुलं देशाचं भविष्य आहेत वगैरे. डॉक्टर मुलाला आईकडे परत देत होते, आणि देता देता त्यांचं हसू थांबलं. एवढंच मी पाहिलं. मला वाटलं, उन्हाने थकले असतील. सगुणा हार घातलेल्या लेकराला घेऊन खाली मान घालून निघून गेली, आणि जाताना एकदा तिने वळून मांडवाकडे पाहिलं.

त्यानंतरचे काही दिवस डॉक्टर आमच्यात असून नसल्यासारखे होते. चोरखमाऱ्याकडे एक चक्कर मारायला हवी, असं सकाळी म्हणायचे आणि दुपारी काही ना काही निमित्त काढायचे. कधी रेंगीचा बैल लंगडतो, कधी गोंदियाहून औषधं यायची आहेत. अखेर एका सकाळी मला म्हणाले, चला बाई. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, चार माणसंही नीट मावत नाहीत, आणि डॉक्टर बसले की दोनसुद्धा नाहीत. तळ्याच्या पाळीवरून जाताना पाणी चकाकत होतं, पाणकोंबड्या ओरडत होत्या. एरवी त्यांनी मला हे तळं कोणी खोदलं, पाणी कुठवर जातं, सगळं ऐकवलं असतं.

सगुणाचं घर टोलीच्या कडेला. नवरा जंगलात कूप तोडायला, म्हणजे ठेक्याची लाकूडतोड करायला गेलेला, घरात ती आणि आंधळी सासू. आम्हाला पाहून तिची अशी धांदल उडाली, की बसायला काय टाकू नि काय नको. डॉक्टरांनी बसायच्या आधीच विचारलं, मुलगा कुठे आहे? ती म्हणाली, हागवण लागली होती, गेला. चार शब्द, ऊन फार आहे म्हणावं तसे. मग आत जाऊन गडव्यात पाणी घेऊन आली. तोच गडवा, चिंचेने घासून लखलखीत केलेला. दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे धरून म्हणाली, "घ्या साहेब. तुमीच देलेला हाये. त्याचा पयला नंबर आल्ता."

डॉक्टरांनी तो गडवा घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले. मध्ये थांबले नाहीत.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला सांगितलं. मुलाला वर धरताना त्यांची बोटं त्याच्या मांडीवर रुतली होती. खाली घेऊन आईकडे देताना पाहिलं, तर बोटांचे खळगे तसेच. गुबगुबीतपणा कसला, सूज होती ती. काट्याने तोललं ते पाणी. पिंगट केस, उजळ कातडी, न रडणं, ज्याचं ज्याचं आम्ही कौतुक केलं ते सगळं उपासमारीचं लक्षण होतं. मुलगा शांत नव्हता, त्याच्यात रडायचं त्राण उरलं नव्हतं. पोटात दुसरं राहिलं, म्हणून आईने पहिल्याचं अंगावरचं पिणं तोडलं. पोटुशीचं दूध लेकराला बाधतं, अशी आमच्याकडची समजूत. तेव्हापासून तो भाताच्या पेजेवर होता.

"हे तुम्हाला तिथेच कळलं?" मी विचारलं.

"तिथेच."

"मग बोलला का नाहीत?"

डॉक्टर बैलांच्या पाठींकडे बघत म्हणाले, "टाळ्या वाजत होत्या, बाई."

एवढ्या मोठ्या माणसाला असं बसलेलं पाहणं मला झेपेना. मी काहीतरी बोलले, की तुम्ही तरी काय करणार, उशीर झालाच होता. ते म्हणाले, उशीर झाला होता की नाही ते कळायची वेळ मी घालवली. आज तिला हेच सांगायला निघालो होतो, आणि तिने पाणी पुढे केलं. मी म्हणाले, नाही सांगितलंत ते बरं केलं. तिच्याजवळ तेवढाच एक पहिला नंबर आहे. तोही काढून घेता? डॉक्टरांनी माझं ऐकलं. ऐकलं म्हणजे, सांगितलं नाही. पण दर वेळी सगुणाचं नाव निघालं, की "सांगायला पाहिजे, बाई" असं म्हणायचे, आणि दर वेळी मी त्यांना अडवायची.

त्या दिवसापासून त्यांचं पाया पडणं सुरू झालं. काटा दारावरून काढून आतल्या खोलीत गेला. अंगठ्याने तपासल्याशिवाय कोणालाही काट्यावर घालायचं नाही, असा दंडक झाला. आणि पालुपदही बदललं. बाई तान्ह्याला घेऊन आली, त्याला सर्दी आहे, खोकला आहे म्हणू लागली, की डॉक्टर तिचं ऐकून घ्यायचे, तान्ह्याची छाती तपासायचे आणि मग म्हणायचे, "हे झालं कडेवरचं. आता पदराआडचं दाखवा." पदराआड म्हणजे तिचं थोरलं, आईचं लुगडं धरून मागे उभं असलेलं. त्याच्याबद्दल कोणी काही सांगायचं नाही, कारण ते ना खोकायचं, ना रडायचं. ते नुसतं उभं असायचं. अंगावरचं तुटलेलं, ताटातलं अजून खाता न येणारं, असं मधल्यामध्ये सापडलेलं लेकरू. डॉक्टर त्याच्यासमोर बसायचे, अंगठा दाबायचे, खालच्या पापण्या ओढून बघायचे, केस ओढून बघायचे की सहज हातात येतात का. गावोगावच्या बाया त्यांना पदराआडचे डॉक्टर म्हणायला लागल्या. कोणी थट्टेने म्हणायचं. ते म्हणायचे, हसतील त्यांचे दात दिसतील.

औषध काय, तर खाणं. आणि खाणं सांगायचं म्हणजे लोकांशी भांडण. लेकराला डाळ दिली तर पोट फुगतं, मासा दिला तर जंत होतात, अशा शंभर समजुती. आमचा भाग तळ्यांचा, बारीक मासळी बाजारात ढिगाने यायची. डॉक्टर स्वतः जन्मात मासा न खाल्लेले. पण बाजाराच्या दिवशी नाकाला उपरणं लावून मासळीच्या ओळीत जाऊन बसायचे, बाया काय घेतात ते बघायचे, आणि जिने घेतले नाहीत तिला हाका मारून घ्यायला लावायचे. एकदा त्यांनी स्वतःच सुक्या झिंग्यांची पुडी विकत घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवून विसरले. पुढचे दोन दिवस दवाखान्यातली मांजरं त्यांच्या मागे मागे. मी हसून हसून बेजार झाले. तेही हसले, पण पूर्वीचं ते कबुतरं उडवणारं हसू नव्हतं. ते पुन्हा कधी ऐकलं नाही.

एकदा एका मोठ्या पाटलाच्या घरी बारशाचं जेवण होतं. आम्हा दोघांनाही बोलावणं. पंगत बसली, बाळंतीण सून बाळाला घेऊन ओसरीवर आली. सगळे बाळाला बघत होते. डॉक्टर सुनेच्या पायांकडे. त्यांनी वाढलेलं पान सोडलं, उठले आणि भर पंगतीत तिच्यासमोर बसले. ती बिचारी भिंतीला चिकटली. अंगठ्याचा खड्डा एवढा खोल, की मलाही लांबून दिसला. बाळंतिणीला पथ्य म्हणून तिला कोरड्या भाताखेरीज काही मिळत नव्हतं, आणि तोही सगळ्यांचं झाल्यावर. डॉक्टरांनी तिथेच सांगितलं, हिला डाळ द्या, दूध द्या, ही उपाशी आहे.

पाटील पानावरून ताडकन उठले. म्हणाले, "माह्या कोठीत वर्साचं धान पडून हाये, आन तुमी माह्या सुनेले उपासी म्हनता?"

डॉक्टर म्हणाले, "कोठी मी पाहिली, पाटील. तिचे पाय तुम्ही पाहा."

आम्ही त्या दिवशी उपाशीच परतलो. पाटलांनी पुढे दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही, वर तक्रारही केली. पण त्यांच्या म्हाताऱ्या आईने चोरून निरोप पाठवला, की सुनेला दूध सुरू केलं आहे, कोणाला सांगू नका. उपासमार गरिबाने लपवावी हे समजतं. श्रीमंताला ती जास्तच लपवावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांना त्याचा राग आला नाही. ते म्हणाले, लाज वाटते म्हणून लपवतात, बाई, आणि लाजेबद्दल मी कोणाला बोलावं असा मी नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा शिशु प्रदर्शनीचा हुकूम आला. डॉक्टरांनी साफ नकार दिला. मुलं तपासतो म्हणाले, नंबर लावणार नाही. वरचे नाराज झाले. पाटलांची तक्रार त्यात मिळाली. तरी बदली व्हायला पुढे काही वर्षं गेली, कारण त्यांच्या जागेवर यायला दुसरा कोणी तयार नव्हता.

सगुणा या काळात दवाखान्यात येतच होती. तिला मुलगी झाली, सीता. ती पोटात असल्यापासून डॉक्टरांचं तिच्यावर लक्ष. सीता बसायला लागली, उभी राहिली, अंगावरून तुटली, प्रत्येक वेळी डॉक्टर तिच्या पायांशी. दवाखान्यात तेव्हा सरकारी दुधाची भुकटी यायची. ती पाण्यात कालवून लेकरांना तिथेच पाजायची, ज्याने त्याने आपापलं भांडं आणायचं. सगुणा तो गडवा आणायची. एवढ्या लांबून, पदराखाली झाकून. दूध ओतायचं काम डॉक्टर स्वतः करायचे, कोणाला करू द्यायचे नाहीत. पण सगुणाची पाळी आली, की गडवा भरायचा आणि तिच्याकडे न बघता पुढे सरकायचं, असं त्यांचं व्हायचं. सीता मात्र चांगली धट्टीकट्टी निघाली. अशी किंचाळायची, की डॉक्टर म्हणायचे, रड बाई, खूप रड, तुझं रडणं ऐकून माझं रक्त वाढतं.

बदलीचा हुकूम आला तेव्हा आमचा मुलूख मुंबई राज्यात जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांना दूर कुठे तरी पाठवलं होतं. सामान काही फार नव्हतं. छोट्या लाईनच्या स्टेशनावर पोचवायला मी, कंपाउंडर आणि शाळेतले मास्तर गेलो. सकाळची वेळ, गाडीला अवकाश होता. आणि बघते तर फलाटाच्या टोकाला लिंबाखाली सगुणा उभी, सीताचा हात धरून. कोणाकडून तरी कळलं म्हणून पायी आली होती. सीता सहा-सात वर्षांची झालेली, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. सगुणाने पदराखालून गडवा काढला. वाटेत पाणी लागेल म्हणून भरून आणला होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. या वेळी त्यांनी माझं ऐकलं नाही.

टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं. की तुझा मुलगा त्या दिवशी आजारी होता. मी त्याला बक्षीस दिलं तेव्हा तो उपासमारीने सुजलेला होता. मला ते तिथेच दिसलं, आणि चारचौघांत आपली फजिती होईल म्हणून मी गप्प बसलो. तिथेच ठेवून घेतला असता, तर कदाचित जगला असता. शब्द जुळवायला बसले नाहीत, कोर्टात जबाब द्यावा तसं सरळ सांगून टाकलं. मास्तर दुसरीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही गडवा फेकून देईल.

सगुणाने सगळं ऐकून घेतलं. मग सीताची वेणी सारखी करत करत म्हणाली, "तो बिमार होता हे माले मालूम होतं, साहेब. मी त त्याले दाखवालेच आनलं होतं. दवाखाना बंद होता. कोनी म्हनलं, साहेब साळेत बसून राहिले, त मी तिथं रांगेत लागलो. माही पारी आली, आन तुमी त्याले उचलून हार घातला. सारे जन टाळ्या पिटून राहिले. मंग म्या कोनत्या तोंडानं सांगाव, का लेकरू बिमार हाये म्हनून?"

मग म्हणाली, "वाटलं, एवढे शिकलेले लोक चांगला म्हनून राहिले, त चांगलाच असन."

इतकी वर्षं मी तिचा पहिला नंबर राखत बसले होते, आणि तिला तो कधी मिळालेलाच नव्हता. जुन्या धडप्यात गुंडाळलेलं, काजळ न लावलेलं लेकरू मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्पर्धेला असं कोणी आणत नाही, हे त्या पटांगणातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्हा शहाण्यांना कळलं नाही. मला त्या फलाटावर उभं राहायची लाज वाटली.

डॉक्टर खाली बसले. गुडघ्यांनी आता त्रास द्यायला सुरुवात केली होती, लिंबाच्या बुंध्याला हात टेकून बसले. सगुणाने पाय मागे घेतले. त्यांनी काही म्हटलं नाही, तुमच्या पाया पडून राहिलो वगैरे काही नाही. नुसता हात पुढे केला, आणि तिने पाय थांबवले. वाटेच्या धुळीने भरलेले पाय. डॉक्टरांनी अंगठा ठेवला आणि दाबून धरला. एरवी धरायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ धरला. मान खाली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. अंगठा काढला तर कातडी वर आली. धुळीत तेवढी एक स्वच्छ जागा राहिली.

"ठीक," ते म्हणाले, आणि उठताना त्यांना मास्तरांनी हात दिला.

गाडी आली. डॉक्टरांनी गडव्यातलं पाणी पिऊन गडवा परत दिला, सीताच्या डोक्यावर हात ठेवला आणि डब्यात चढले. खिडकीशी बसले, पण बाहेर पाहिलं नाही. छोट्या लाईनची गाडी ती, रमतगमत सुटते. माणूस खिडकीत दिसतो तो पार वळणापर्यंत दिसत राहतो. टोपी अजून हातातच होती. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

आम्ही परत निघालो. सगुणा माझ्या बरोबरीने चालत होती, रिकामा गडवा पुन्हा पदराखाली. बरंच चालल्यावर हळूच म्हणाली, "साहेबाले लय वाईट वाटलं का, बाई? म्या सांगाले नाई पायजे होतं. माहंच चुकलं."

मी तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. दोनदा म्हटलं. ती "हो" म्हणाली, पण पुढची सगळी वाट ती मान खाली घालूनच चालली.